पाइपच्या स्टेमला मऊ कव्हर: मोजमापापासून रोजच्या निगेपर्यंत

तंबाखूचा पाइप दातांत धरायची सवय असेल तर त्याचा स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, नेहमी एकाच जागी खराब होतो. तोंडाकडच्या टोकाला आडवा उंचवटा असतो, त्याला बटण म्हणतात. त्याच्या लगेच मागची ती जागा. दात तिथेच अडकतात आणि स्टेमही नेमका तिथेच सर्वांत पातळ असतो. त्या जागी स्टेमची जाडी बहुधा ४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातून धुराची वाट जाते. वाटेचे दीड मिलिमीटर वजा केले की वर आणि खाली जेमतेम सव्वा-सव्वा मिलिमीटर उरतात. आधी बारीक टोचे दिसतात, मग खळगा पडतो, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर दात आरपार जातो.

दातांवर जोर किती येतो याचा ढोबळ हिशोब करून पाहा. सरळ पाइपचं वजन ४५ ग्रॅम धरा. बराचसा भार बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, दातांपासून साधारण ११५ मिलिमीटरवर असतो. वरचा आणि खालचा दात स्टेमला अगदी समोरासमोर टेकत नाहीत, त्यांच्यात ८ मिलिमीटरचं अंतर समजू. पाइप नुसता आडवा तोलून धरायला प्रत्येक दाताला ४५ × ११५ ÷ ८, म्हणजे जवळपास ६५० ग्रॅमचा जोर द्यावा लागतो. बाकदार पाइपचा बाऊल हनुवटीखाली येतो, आडवं अंतर ७० मिलिमीटरपर्यंत घटतं आणि जोर ४०० ग्रॅमच्या आत राहतो. म्हणून जड, सरळ पाइप तासभर दातांत धरायचा असेल तर कव्हर घेण्याआधी पाइपच बदलण्याचा विचार करावा. लांबलचक चर्चवॉर्डन पाइप तर हातातच धरायचा असतो, त्याला कव्हर लावून काही साधत नाही.

कव्हर, ज्याला बरेच जण सॉफ्टी म्हणतात, दोन कामं करतं. दाताच्या टोकाचा भार ते पसरवतं, हे उघड आहे. दुसरं काम जास्त महत्त्वाचं: गुळगुळीत स्टेम ओल्या दातांखाली सटकतो आणि नकळत जबडा आवळला जातो, रबरामुळे पकड येते आणि आवळावं लागत नाही. कवळी वापरणाऱ्यांना याचा फायदा सर्वांत जास्त. इथे एक गोष्ट सांगून टाकू. कव्हरने स्टेम वाचतो, दातांची झीज कमी होते. तोंडात येणारा धूर तोच राहतो, आणि तोंडाच्या व ओठाच्या कर्करोगाचा धोका कव्हरमुळे तसूभरही कमी होत नाही.

दातांची झीज ही काही आजची तक्रार नाही. इंग्लंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या जुन्या दफनभूमीत मातीचे पाइप ओढणाऱ्यांचे सांगाडे सापडतात, त्यांच्या दातांत पाइपच्या नळीएवढ्या गोल खाचा पडलेल्या असतात. आपल्याकडच्या चिलमीला लावतात त्या ओल्या छापीचा, म्हणजे फडक्याचा, मात्र या विषयाशी संबंध नाही. ती धूर गाळायला आणि थंड करायला असते, दातांसाठी नव्हे.

स्टेम कशाचा आहे ते आधी ओळखा

पाइपचे स्टेम मुख्यतः दोन पदार्थांचे असतात: एबोनाइट आणि ॲक्रिलिक.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं नैसर्गिक रबर. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. दातांना ते बरं लागतं, पण टोचे लवकर पडतात. शिवाय ऊन, उष्णता आणि ओल यांनी त्याच्या पृष्ठभागावरचं गंधक बाहेर येतं आणि काळा रंग तपकिरी-हिरवट होतो. जुन्या एबोनाइटच्या फाउंटन पेनाला येतो तोच रंग. चवही कडवट येते.

ॲक्रिलिक कडक असतं, त्याचा रंग उडत नाही, टोचे उशिरा पडतात. पण ते ठिसूळ असतं, त्यामुळे जोरात चावल्यास बटणाचा कोपरा टवका निघून उडू शकतो. कडकपणामुळे दातांची कुरकुरही ॲक्रिलिकबाबतच जास्त.

ओळखायची रीत सोपी आहे. स्टेम अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात घासा आणि वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. नखावर हलकं आपटलं तर ॲक्रिलिकचा आवाज काचेसारखा टणक येतो, एबोनाइटचा बद्द. संगमरवरी नक्षीचा, प्रकाश आरपार जाणारा स्टेम बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असतो.

मक्याच्या कणसाच्या पाइपांना बहुधा साधा प्लॅस्टिकचा स्टेम येतो. मिझुरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून असे पाइप बनवते आणि त्यांचे स्टेम सुटे, स्वस्तात मिळतात. तिथे कव्हरचा खटाटोप दातांसाठी करा, स्टेमसाठी नको.

पीटरसन या पाइप कंपनीचा पी-लिप नावाचा स्टेम असेल तर थांबा. चार्ल्स पीटरसन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलेल्या या टोकाला धुराचं भोक समोर नसून वरच्या बाजूला असतं. साधं कव्हर त्यावर चढवलं की भोक सरळ बंद होतं.

रबर, सिलिकॉन आणि काय टाळायचं

तयार कव्हर नैसर्गिक रबराचं किंवा सिलिकॉनचं मिळतं. रबर ताणलं तरी सहजासहजी फाटत नाही, मात्र ऊन आणि हवेने काही महिन्यांत चिकट होतं किंवा त्याला भेगा पडतात. सिलिकॉनला चव-वास नसतो, उकळलं तरी बिघडत नाही. त्याची दुखरी बाजू अशी की एकदा काठाला बारीकशी चीर गेली की ती पळत सुटते. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्याने सिलिकॉनच घ्यावं.

रंग काळा की पारदर्शक? काळं स्टेमवर उठून दिसत नाही म्हणून लोक ते घेतात. सुरुवातीला तरी पारदर्शक घ्या. आत पाणी साचलंय का, भोक सरकलंय का, खाली एबोनाइट तपकिरी पडतंय का, हे सगळं न काढता दिसतं.

भिंतीची जाडी १ मिलिमीटर पुरे. तेवढ्यानेही ४ मिलिमीटरचं टोक ६ मिलिमीटरचं होतं आणि तोंडात चांगलंच जाणवतं. दीड-दोन मिलिमीटरची जाड कव्हरं कवळीवाल्यांसाठी ठीक, इतरांचा जबडा दुखू लागतो.

घरगुती प्रयोगात दोन गोष्टी हमखास केल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली, वायरवर चढवायची हीट-श्रिंक नळी. ती आवळायला साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअस तापमान लागतं. तेवढ्यात एबोनाइट मऊ पडतं आणि बाकदार स्टेम सरळ होऊ लागतो, ॲक्रिलिकही १०० अंशांच्या आसपास सैल पडायला लागतं. दुसरी, फिशटँकची किंवा पाणी काढायची मऊ पीव्हीसी नळी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, ॲक्रिलिकचा पृष्ठभाग चिकट करतं, आणि ते तोंडातही जातं.

नळीपासून कव्हर करायचं असेल तर

फूड-ग्रेड सिलिकॉनची नळी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रबर आणि होज पाइपवाल्यांकडे विचारा. मागताना आतला व्यास सांगायचा, बाहेरचा नाही, आणि फूड-ग्रेड असल्याची खात्री करून घ्यायची.

व्यास असा काढतात. व्हर्निअर कॅलिपरने बटणाच्या ५ मिलिमीटर मागे स्टेमची रुंदी आणि जाडी मोजा. समजा १६ आणि ४ मिलिमीटर आली. रुंदीतून जाडी वजा करून दुप्पट करा: २४. त्यात जाडीची ३.१४ पट मिळवा: १२.६. स्टेमचा घेर झाला ३६.६ मिलिमीटर. नळीचा आतला घेर याच्यापेक्षा कमी हवा, इतका की ती चढवल्यावर १५ ते २० टक्के ताणली जाईल. आतला व्यास १० मिलिमीटर असलेल्या नळीचा घेर ३१.४ येतो, म्हणजे ताण १७ टक्के. बरोबर बसेल. स्टेम १८ बाय साडेचार असेल तर घेर ४१ च्या पुढे जातो. तिथे १० ची नळी ३० टक्क्यांहून जास्त ताणली जाते, काठ फाटतो. ११ ची घ्या. ताण १० टक्क्यांच्या खाली गेला की लाळेने कव्हर सरकू लागतं.

लांबी १८ मिलिमीटर कापा. दात टोकापासून पहिल्या १० मिलिमीटरमध्येच टेकतात. पुढचे ८ मिलिमीटर पकडीसाठी. नळी दाबून चपटी न करता, आत पेन्सिल किंवा लाकडी दांडा घालून, नव्या ब्लेडने एका फटक्यात गोल फिरवत कापा. करवतीसारखं पुढेमागे केलं की काठाला दातरे राहतात आणि सिलिकॉनची चीर तिथूनच सुरू होते.

तयार कव्हरला पुढे पडदा असतो आणि त्यात धुरासाठी भोक. ते तुमच्या स्टेमच्या टोकाला धूर बाहेर येतो त्या फटीपेक्षा लहान निघालं तर ब्लेडने कापून वाढवू नका, कापाच्या कोपऱ्यातून ते फाटतं. चामड्याला भोकं पाडायचा पंच घ्या. फटीच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरची दोन गोल भोकं पाडा, मग त्यांच्यामधला भाग दोन समांतर कापांनी काढून टाका. टोकं गोल राहिली की फाटायला जागा उरत नाही.

चढवण्याआधी स्टेमची तयारी

ही पायरी वगळली जाते आणि मग सगळा दोष कव्हरवर येतो.

पाइप पूर्ण गार होऊ द्या, ओढल्यावर निदान काही तास. गरम असताना स्टेम उपसला तर शँकमध्ये, म्हणजे बाऊलला जोडलेल्या दांड्यात, बसलेलं त्याचं टोक, म्हणजे टेनन, मोडू शकतं. काढताना सरळ ओढू नका, एकाच दिशेने पिळत काढा.

एबोनाइटचा स्टेम असेल तर पाइप क्लीनर (केसाळ धागे गुंडाळलेली लवचिक तार) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून धुराच्या वाटेतून फिरवा, क्लीनर पांढरा बाहेर येईपर्यंत बदलत राहा. ॲक्रिलिकला अल्कोहोल नको, त्याने आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडू शकतात. तिथे कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब पुरे.

एबोनाइट तपकिरी झालं असेल तर तो थर काढल्याशिवाय कव्हर चढवू नका. ओल आत कोंडली जाते, गंधकाची चव वाढते आणि डाग खोल जातो. वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी ४००, मग ६००, १०००, शेवटी २००० नंबरचा वापरा. बटणाच्या कडा गोल होऊ देऊ नका. स्टेमवर शिक्का किंवा ठिपका असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून मगच घासा.

खळगे पडले असतील तर एबोनाइट त्यातले बरेच स्वतःच भरून काढतं, कारण तापवल्यावर ते मूळ आकाराकडे परततं. धुराच्या वाटेत पाइप क्लीनर घाला म्हणजे वाट चपटी होणार नाही. फक्त टोकाचे २ सेंटिमीटर उकळी नुकतीच थांबलेल्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरा. खळगा वर येतो. सगळा स्टेम बुडवलात तर त्याचा बाकही सरळ होईल. गरम पाण्याने पृष्ठभाग तपकिरी पडतो, त्यामुळे घासकाम नेहमी याच्यानंतर. उरलेला खड्डा काळ्या सायनोॲक्रिलेट गोंदाने (सुपरग्लूने) भरा, रात्रभर सुकू द्या, मग सपाट घासा. ॲक्रिलिकमध्ये हा गरम पाण्याचा उपाय फारसा चालत नाही, तिथे थेट भरावंच लागतं.

आरपार भोक पडलं असेल तर वरून कव्हर चढवून ते झाकण्याचा मोह आवरा. धूर आणि पाणी भोकातून कव्हरखाली शिरतं, शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोन-चार दिवसांत दुर्गंध सुटतो. आधी दुरुस्ती, मग कव्हर.

टोच्यांच्या धारदार कडा राहिल्या तर त्या कव्हर आतून कापतात. स्टेमवरून नखाची कड फिरवा, नख अडलं तर अजून घासायचं बाकी आहे.

चढवणं

तापवायचं कव्हर, स्टेम नाही. कव्हर ५०-६० अंशांच्या, म्हणजे बोट फार वेळ बुडवता येणार नाही इतपत गरम पाण्यात दोन मिनिटं टाका. स्टेमचं टोक नुसतं पाण्याने ओलं करा. तेल, तूप, व्हॅसलीन काहीही लावू नका. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं, ढिलं होतं आणि परत मूळ मापावर येत नाही.

कव्हरचा एक कोपरा बटणाच्या एका बाजूला अडकवा. दोन अंगठ्यांनी दुसरी बाजू ताणून बटणावरून ओलांडा आणि मग थोडं थोडं करत, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा, मागे सरकवा. नखं लावू नका. हे करताना स्टेम पाइपला जोडलेला नसावा, नाहीतर सगळा जोर टेननवर येतो. तयार कव्हर असेल तर पुढचा पडदा बटणाला टेकेपर्यंत न्या, नळीचं असेल तर तिचा काठ बटणाच्या टोकाशी बरोबर जुळवा. पुढे लोंबलेला काठ ओठात येतो आणि ओढताना आत वळून फट झाकतो.

मग तपासणी. स्टेम दिव्याकडे धरून पाहा, फट संपूर्ण उघडी दिसली पाहिजे. पाइप क्लीनर घाला, तो कव्हरच्या काठाला अडता कामा नये. शेवटी स्टेम जोडून रिकामा पाइप ओढा. कव्हर नसताना येतो तसाच मोकळा, जवळजवळ बिनआवाजी श्वास आला पाहिजे. थोडी जरी ओढ जड वाटली तरी तसंच चालवून घेऊ नका. ओढ जड झाली की माणूस जोरात ओढतो, तंबाखू तापतो, जीभ पोळते आणि वाटेत जास्त पाणी धरतं.

ओढून झाल्यावर

कव्हर बहुतेक वेळा बिघडतं ते वापरून नव्हे, तसंच लावून ठेवल्याने. रबर आणि स्टेम यांच्यामध्ये लाळ आणि धुराचं पाणी झिरपतंच, कितीही घट्ट बसलेलं असो. ते दोन दिवस तसंच राहिलं की एबोनाइटवर कव्हरच्या काठाएवढा तपकिरी पट्टा उमटतो, आणि वर झाकण असल्यामुळे तो दिसत नाही.

पाइप विझला की आधी कव्हरसकट पाइप क्लीनर आत घालून पाणी टिपून घ्या. मग एका हाताने स्टेमच टोकाजवळ घट्ट धरा, बाऊल नाही, आणि दुसऱ्या हाताने कव्हर गुंडाळत काढा. कव्हर उलटं करून कोमट पाणी आणि साबणाच्या थेंबाने धुवा, बोटाने चोळा, दोनदा खळबळा. सावलीत सुकवा, खिडकीच्या उन्हात नको. स्टेमचं टोक सुती फडक्याने कोरडं करा. कव्हर आणि पाइप वेगळे ठेवा. सिलिकॉनचं कव्हर आठवड्यातून एकदा पाच मिनिटं उकळलं तरी चालतं, रबराचं उकळू नका.

पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत धुतलेलं कव्हर रात्रभरातही आतून सुकत नाही आणि डबीत बंद केलं की बुरशी धरतं. दोन-तीन कव्हरं आळीपाळीने वापरा, डबीत सिलिका जेलची पुडी टाका. ३० सेंटिमीटर नळीतून १८ मिलिमीटरचे १६ तुकडे निघतात, त्यामुळे एकाच तुकड्याला जपत बसण्याचं कारण नाही.

काय बिघडतं आणि का

गुडगुड आवाज येतो: नुसत्या स्टेमला येत नसेल तर कव्हरच्या पडद्यामागे पाणी साचतंय. भोक फटीपेक्षा लहान आहे किंवा एका बाजूला सरकलंय.

कव्हर ओढता ओढता पुढे येतं: ताण कमी आहे, किंवा टोकाला तेलकट हात लागलाय. स्टेम साबणाने धुऊन पाहा, फरक पडला नाही तर १ मिलिमीटर लहान व्यासाची नळी.

कव्हर नेहमी एकाच ठिकाणी, वरच्या बाजूला फाटतं: दात बटणाच्या कडेवर टेकतायत. तुम्ही पाइप खूप पुढे धरताय, तो थोडा आत घ्या म्हणजे दात बटणाच्या मागे बसतील. तरीही फाटत असेल तर बटणाची कड धारदार आहे, तिच्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर दोनदा हलका फिरवा.

नव्या कव्हरला रबराची चव येते: चमचाभर खाण्याचा सोडा पेलाभर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजवा, सकाळी धुवा. दोनदा करूनही चव गेली नाही तर ते कव्हर टाका.

बोटाला चिकट लागणं, ताणल्यावर काठाला बारीक भेगा दिसणं, धुतल्यावरही वास राहणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बदला. फाटलेला रबराचा तुकडा ओढताना तोंडात सुटू शकतो. कव्हर काढलेलंच आहे तर तेवढ्यात स्टेमही उजेडात धरून पाहा. बटणाच्या मागे केसासारखी रेघ दिसली आणि ती फडक्याने पुसली जात नसेल तर ती चीर आहे, आणि अशा स्टेमवर पुन्हा कव्हर चढवू नये.